साथीच्या दिवसांतली नेहमीची दुखणी : हुफूफने शिकवलेला धडा

साथ आली की सगळ्यांचे लक्ष एकाच रोगाकडे लागते. पण बाकीची दुखणी काही रजेवर जात नाहीत. दाढ त्याच आठवड्यात ठणकते, आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच वेळी संपतात, आणि भर उन्हाळ्यात एसी बंद पडतो. एरवी तासाभरात सुटणारी अडचण साथीत मोठी होते, कारण नेहमीची दारे बंद असतात किंवा त्या दारांशी गर्दी असते. अशा वेळी काय करावे, याचा विचार या लेखात सौदी अरेबियातल्या एका गावाच्या अनुभवावरून करू या.

हुफूफ, २०१३

हुफूफ हे सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतातले, अल-अहसा या मरूद्यानातले मुख्य शहर. पंचवीस लाखांहून अधिक खजुरीची झाडे असलेल्या या मरूद्यानाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. त्याआधी पाच वर्षे, २०१३ च्या एप्रिल-मे महिन्यांत, मर्स या श्वसनरोगाच्या साथीमुळे या भागाचे नाव जगभरच्या डॉक्टरांना माहीत झाले होते.

या साथीचा नंतर बारकाईने अभ्यास झाला. पूर्व प्रांतात २३ रुग्णांना मर्स झाल्याचे सिद्ध झाले आणि १२ जूनपर्यंत त्यांतले १५ जण दगावले. २३ पैकी २१ जणांना हा रोग तीन वेगवेगळ्या आरोग्यसंस्थांतल्या डायलिसिसच्या कक्षात, अतिदक्षता विभागात किंवा वॉर्डात, एकमेकांकडून लागला होता. याउलट रुग्णांच्या घरच्या २१७ माणसांपैकी फक्त ५ जणांना लागण झाल्याचे आढळले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. डायलिसिसचे रुग्ण तिथे साथीच्या रोगासाठी गेलेच नव्हते. आपल्या जुन्या दुखण्यासाठी ते आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जात होते, आणि न जाऊन त्यांना चालणारही नव्हते. डायलिसिस चुकवले तर जीव धोक्यात आणि गेले तर लागण होण्याची भीती, अशा कात्रीत ही माणसे सापडली होती.

मग साथ आटोक्यात कशी आली? हात धुण्यावर कडक लक्ष, डायलिसिसच्या प्रत्येक रुग्णाला मास्क, ताप असलेल्यांची तपासणी आणि वेगळी काळजी, वाढवलेली स्वच्छता, आणि भेटायला येणाऱ्यांना मनाई. उपाय साधेच होते, पण ते काटेकोरपणे पाळले गेले.

हुफूफ, २०२०

सात वर्षांनी कोविड आला. १५ मार्च २०२० पासून सौदी अरेबियाची आंतरराष्ट्रीय विमाने थांबली आणि ६ एप्रिलला हुफूफसह अनेक शहरांत चोवीस तासांची संचारबंदी लागली. अन्न आणि औषधांसाठी सकाळी ६ ते दुपारी ३ एवढ्याच वेळात, तेही आपल्या वस्तीपुरते, बाहेर पडता येई. गाडीत चालकासोबत आणखी एकालाच परवानगी होती.

या आदेशातल्या सवलतींची यादी पाहण्यासारखी आहे. औषधांची दुकाने आणि किराणा तर होताच, पण गॅस पुरवणारे, नळ दुरुस्त करणारे, इलेक्ट्रिशियन, एसीचे मेकॅनिक आणि पाण्याचे टँकर यांनाही सूट होती. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तिथे एसी ही चैनीची वस्तू राहत नाही. घर चालू राहिले तरच माणसे घरात राहतील, हे त्या यादीत गृहीत धरले होते.

खरे कौशल्य : निवड करता येणे

दवाखान्यात उगाच जाऊ नये, हे २०१३ ने शिकवले. पण भीतीने घरी बसणेही घातक ठरते. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या ५४ रुग्णालयांची पाहणी झाली, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांची संख्या मागल्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आलेली दिसली. झटके काही अचानक निम्मे झाले नसणार. बरीच माणसे घरीच थांबली, असाच त्याचा अर्थ लावला गेला. म्हणून प्रत्येक दुखण्याचे तीन कप्पे करायला शिकावे.

*१. आत्ता निघायचे.* छातीत दुखणे किंवा दडपण, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, न थांबणारा रक्तस्राव, शुद्ध हरपणे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप. दाढदुखीबरोबर चेहऱ्यावर सूज, ताप किंवा गिळायला त्रास. ठरलेले डायलिसिसही याच कप्प्यात. यात साथ असो वा नसो, थांबायचे नाही. मास्क लावावा, सोबत शक्यतो एकानेच जावे.

*२. फोन करून विचारायचे.* दोन दिवसांहून जास्त राहिलेला ताप, वाढलेली साखर, नवीन पुरळ, संपत आलेले औषध. २०२० मध्ये सौदीत ९३७ या क्रमांकावर आरोग्य खात्याचा सल्ला मिळे. आपल्या शहरातला असा क्रमांक आधीच शोधून ठेवावा.

*३. घरीच सांभाळायचे.* साधी सर्दी, किरकोळ खरचटणे, सूज नसलेली दाढदुखी (कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल), थोडेफार जुलाब. जुलाबावर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण थोडे थोडे पाजत राहावे. चमचा चहाचाच घ्यावा, मीठ जास्त होऊ देऊ नये. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलराची साथ आली आणि सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. मात्र मूल मलूल झाले किंवा सहा-आठ तास लघवी झाली नाही, तर ते पहिल्या कप्प्यात गेले असे समजावे.

औषधांचा डबा

समजा, साताऱ्याहून आजी सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. गोळ्या मोजून आणल्या आणि विमाने बंद झाली. सूनबाई औषधाच्या दुकानात जातात, पण थायरोनॉर्म हे नाव तिथे कोणी ऐकलेले नसते. डब्यावर लेव्होथायरॉक्सिन हे मूळ नाव आणि मात्रा लिहिलेली असेल, तर काम सोपे होते. म्हणून प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, आणि महिन्याभराचा साठा शिल्लक असतानाच पुढची तजवीज करावी.

नावांच्या या घोळात दुसरा धोकाही असतो. भारतातली क्रोसिन आणि आखातातले पॅनाडॉल ही दोन्ही पॅरासिटामॉलच आहेत. एक लागू पडली नाही म्हणून लगेच दुसरी घेतली, तर मात्रा दुप्पट होते. मोठ्या माणसाने दिवसभरात एकूण ४ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने घेऊ नये. इन्शुलिन उन्हात तापलेल्या गाडीत क्षणभरही ठेवू नये.

घर सांभाळताना

साथीत सफाईचा उत्साह वाढतो. क्लोरॉक्ससारखे ब्लीच कधीही संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये मिसळू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. हाताला सॅनिटायझर लावून लगेच गॅसपाशी जाऊ नये. एसीच्या जाळ्या उन्हाळ्याआधी धुवाव्यात आणि गॅसची जादा टाकी लागत असेल तर ती वेळेत भरून घ्यावी. मेकॅनिक घरी आलाच तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि आजी-आजोबांना दुसऱ्या खोलीत बसवावे.

घरचा अभ्यास

सणाला सगळे एकत्र जमतातच. त्या दिवशी अर्धा तास काढून एक कागद तयार करावा. त्यावर प्रत्येकाचे आजार, औषधांची मूळ नावे, कशाची ॲलर्जी आहे ते, रुग्णवाहिकेचा आणि सल्ल्याचा क्रमांक, जवळचे रुग्णालय, आणि आपण आजारी पडलो तर मुलांना सांभाळतील अशा दोन शेजाऱ्यांची नावे लिहावीत. कागद फ्रिजवर लावावा आणि दर सहा महिन्यांनी तपासावा. परदेशात आपले नातेवाईक हजारो मैलांवर असतात. त्या दोन शेजाऱ्यांना आधी विचारून, त्यांच्या फ्रिजवर आपलेही नाव लिहायला सांगावे, म्हणजे दोन्ही घरांची सोय होते.