लाल दिवा खोटं बोलू नये म्हणून

अगं, एटीए २६, म्हणजे विमानातल्या आगीपासूनच्या संरक्षणाचा भाग, 'सोपा चॅप्टर' आहे असं परवा फोनवर म्हणालीस, तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं मनात होतं. सोपा आहेच तो. ट्यूब, बेल, लाल हँडल, बाटल्या. दोन संध्याकाळी बसलीस की पाठ. पण हायड्रॉलिक्समधली चूक पुढच्याच उड्डाणात बोंब मारते, आगीच्या यंत्रणेतली वर्षानुवर्षं गप्प बसू शकते, कारण ती वापरायची वेळच सहसा येत नाही. माझ्या मते म्हणूनच हा चॅप्टर अवघड आहे.

आधी एक डोक्यात पक्कं कर. दहन कक्षात आग असणारच, तिच्यावरच विमान उडतं. आपला पहारा असतो तो इंजिन आणि त्यावरचं आवरण, म्हणजे काउलिंग, यांच्या मधल्या पोकळीवर. इंधनाच्या नि तेलाच्या नळ्या तिथूनच जातात. एखादी जोडणी गळली आणि थेंब तापलेल्या केसिंगवर उडाले की संपलं. म्हणून तिथे बारीक धातूची ट्यूब फिरवलेली असते. काहींच्या आत तापल्यावर वीज वाहू देणारा पदार्थ असतो. मला आवडते ती हेलियम भरलेली. सगळी पोकळी तापली की हेलियमचा दाब वाढून स्विच बसतो. एकाच जागी ज्वाळा लागली, तर गाभ्यातून हायड्रोजन सुटतो आणि तोच स्विच बसतो. आणि ट्यूबच तुटली तर? साध्या दाबानेच बंद धरलेला दुसरा एक स्विच असतो, तो उघडतो आणि बिघाड कळतो. स्वतःचं मरण स्वतः कळवणारं यंत्र आहे ते!

अशा ट्यूबचे दोन लूप शेजारी शेजारी असतात, ए आणि बी. दोन्ही ठीक असताना दोघांनी होकार दिला तरच बेल वाजते. खोट्या बेलेवर धडधाकट इंजिन बंद होऊ नये, म्हणून ही काळजी.

हँडल ओढलं की इंधन तुटतं, हायड्रॉलिक तुटतं, ब्लीड एअर बंद होते, जनरेटर बाजूला होतो. आग विझवणारा हॅलॉन गॅस त्यानंतर. बोइंग ७३७ मध्ये दोन बाटल्या दोन्ही इंजिनांत सामाईक असतात. हँडल एका बाजूला फिरवलं की पहिली, ३० सेकंदांनंतरही दिवा लाल असेल तर दुसऱ्या बाजूला. एअरबस ए३२० मध्ये प्रत्येक इंजिनाला स्वतःच्या दोन. तिथे हवेत पहिली बाटली सोडण्याआधी १० सेकंद थांबतात. इंजिन मंदावलं की पोकळीतला वारा कमी होतो आणि हॅलॉन वाहून न जाता तिथे टिकतो. हे 'का' समजून घे. परीक्षक तेच विचारतो.

बाटली म्हणजे जादू नव्हे, हेही लक्षात असू दे. २० फेब्रुवारी २०२१ ला डेन्व्हरहून निघालेल्या बोइंग ७७७ च्या इंजिनाचं फॅन ब्लेड तुटलं आणि काउलिंगचे तुकडे खाली वस्तीत पडले. वैमानिकांनी दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या, तरी आग जळत राहिली. विमान सुखरूप उतरलं, पण भरवसा किती ठेवायचा ते त्या दिवशी दिसलं.

आता जे सांगायला बसले ते. ८ जानेवारी १९८९, केगवर्थ, इंग्लंड. ७३७ चं डावं इंजिन बिघडलं आणि वैमानिकांनी उजवं बंद केलं. ४७ माणसं गेली. त्या विमानातल्या तारा बरोबरच होत्या, ती गफलत कॉकपिटमधली. पण त्यानंतर बोइंग विमानांच्या आग-यंत्रणेच्या तारा तपासायचे आदेश निघाले, आणि काही विमानांत त्या खरंच उलटसुलट जोडलेल्या सापडल्या. विचार कर, डावीकडे आग आणि गॅस उजवीकडे! कुणीतरी पाना हातात धरून ते केलं होतं आणि कुणीतरी सहीही केली होती.

म्हणून, नागपूरच्या मिहानमधल्या हँगरमध्ये जाशील तेव्हा कनेक्टरवरचा नंबर ओठांनी वाचत लाव, हसू दे हसणाऱ्यांना. ट्यूब ओढून-ताणून वाकवू नकोस. क्लॅम्पमधला रबरी गोल झिजला असेल तर बदल, नाहीतर धातूवर धातू घासून खोटी बेल वाजते. आणि खोटी बेल दोनदा वाजली की लोक खऱ्या बेलेवरही शंका घेतात. बाटलीचं तोंड फोडणारं स्क्विब हे स्फोटक आहे, बाई! साधा मल्टिमीटर त्याला लावायचा नाही. मॅन्युअलमध्ये सांगितलेला टेस्टरच. स्क्विब काढलंस की आधी शॉर्टिंग कॅप. चुकून सुटलेला हॅलॉन परत भरणंही सोपं नाही. विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासूनच बंद आहे, विमानांत येतो तो जुना, शुद्ध केलेला.

आणि हो, टेलपाइप फायरच्या प्रश्नाला बाटली सोडायची असं लिहू नकोस. ती आग इंजिनाच्या पोटात असते, लूपला दिसतही नाही. इंधन बंद करायचं आणि स्टार्टरवर इंजिन फिरवत ठेवून ती बाहेर फुंकायची. पेपर मंगळवारी आहे ना? आदल्या रात्री फोन कर, तोंडी घेते.