कॅमेऱ्याचें भिंग कसें निवडावें ?

आरंभीं एका माजी विद्यार्थ्याची हकीगत सांगतों. त्याच्या आईनें शिवणकाम करून वर्षभर सांठविलेले पैसे त्याच्या हातीं दिले, व त्यानें आपल्या डिजिटल एस्. एल्. आर. कॅमेऱ्यासाठीं ७० ते ३०० मिलिमीटरचें लांब भिंग विकत घेतलें. नाताळच्या संध्याकाळीं उपासनामंदिरांत लहान मुलांनीं मेंढपाळांचा प्रवेश केला, तेव्हां त्यानें पुष्कळ छायाचित्रें घेतलीं. परंतु त्यांत एकाही मुलाचा चेहरा स्पष्ट उमटला नाहीं. भिंग निर्दोष होतें. दोष निवडीचा होता.

भिंगावर दोन आंकडे मुख्य असतात. पहिला नाभीय अंतराचा. १८ मिलिमीटरच्या भिंगांत सबंध वर्ग मावतो. ३०० मिलिमीटरचें भिंग दूरचा पक्षी जवळ आणतें. दुसरा आंकडा छिद्राचा. नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासानें भागिलें असतां तो येतो. म्हणून आंकडा जितका लहान, तितकें छिद्र मोठें. आंत येणारा प्रकाश या आंकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. ५.६ चा वर्ग सुमारें ३१.४ व १.८ चा सुमारें ३.२; अर्थात् एफ १.८ चें भिंग एफ ५.६ च्या सुमारें साडेनऊपट प्रकाश घेतें.

आतां त्या मुलाची चूक पाहा. लांब भिंगांत हाताचा कंपहि मोठा दिसतो. ३०० मिलिमीटरवर हातांत धरून चित्र घ्यावयाचें तर पडदा सुमारें १/५०० सेकंदच उघडा ठेवावा लागतो. त्याचें छिद्र होतें ५.६ चें, आणि मंदिरांत उजेड थोडा. कांहीं भिंगांत कंपनिवारणाची सोय असते. पण ती छायाचित्रकाराचा हात सांवरते, धांवणाऱ्या मुलास थांबवीत नाहीं.

यावरून खर्चाच्या चार पायऱ्या ठरतात.

पहिली पायरी कांहींच न घेण्याची. कॅमेऱ्याबरोबर येणारें १८–५५ चें भिंग दिवसाच्या उजेडांत उत्तम काम देतें. एफ ८ ठेवून त्यानें सहा महिने चित्रें काढावीं, आणि आपणांस नेमकें काय अडतें तें वहींत टिपावें.

दुसरी पायरी एफ १.८ चें ५० किंवा ३५ मिलिमीटरचें एकाच अंतराचें भिंग. नव्या भिंगांत सर्वांत स्वस्त असणाऱ्यांपैकीं हें एक होय, आणि मंदिरांत अथवा संमेलनांत हेंच उपयोगी. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असल्यामुळें ५० चें भिंग ७५–८० सारखें वागतें. खोली लहान असेल तर ३५ चें घ्यावें. मात्र छिद्र पूर्ण उघडें असतां एकच चेहरा स्पष्ट येतो. समूहचित्रासाठीं तें लहान करावें.

तिसरी पायरी २५० किंवा ३०० पर्यंतच्या लांब भिंगाची. उन्हांतील क्रीडास्पर्धा, अथवा हिवाळ्यांत भिगवणला उतरणारे रोहित पक्षी, हें त्याचें क्षेत्र. चवथी पायरी ७०–२०० एफ २.८ ची. हें सुमारें दीड किलो वजनाचें भिंग छायाचित्रणावर पोट भरणाऱ्यांसाठीं आहे. एका दिवसापुरतें हवें असल्यास भाड्यानें आणावें.

हल्लीं निकॉन व कॅनन यांचा भर आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर असल्यानें जुनीं भिंगें बाजारांत पुष्कळ मिळतात. निकॉनची जोडणी १९५९ पासूनची व कॅननची ई. एफ्. जोडणी १९८७ पासूनची. एकीचें भिंग दुसरीस बसत नाहीं. निकॉनच्या डी ३००० मालिकेंतील कॅमेऱ्यांत केंद्रण करणारी मोटर नसते. ती भिंगांतच आहे कीं नाहीं हें पाहावें. शिवाय पावसाळ्याच्या दमट हवेंत भिंगास बुरशी लागते. म्हणून आंतून विजेरीचा प्रकाश टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसतात काय, हें तपासल्यावांचून पैसे देऊं नयेत.

त्या मुलानें आपलें लांब भिंग तोटा सोसून विकलें व ५० चें घेतलें. पुढच्या नाताळांतील त्याचें एक चित्र माझ्या मेजावर आहे : डोक्यावरचा पंचा सांवरणारा पांच वर्षांचा मेंढपाळ, आणि त्याच्या डोळ्यांत मेणबत्तीचा ठिपका. तें त्यानें प्रथम आईस दाखविलें; मग तोट्याचा आंकडाहि सांगितला. बुरूज बांधण्यापूर्वीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला आपल्या प्रभूनें दिला आहे. त्या हिशेबांत केवळ रुपये नव्हेत, तर ते कोणाच्या कष्टाचे आहेत, हेंहि मांडावें.