तेलावर पहारा कोणाचा?



तुमच्या ट्रॅक्टरला डिझेल लागते. मोटारसायकलीला पेट्रोल लागते. घरात गॅसची टाकी आहे. हे सारे जमिनीखालून निघणाऱ्या खनिज तेलापासून आणि वायूपासून मिळते. तेल मोठ्या कामाचे आहे. पण ते जिथे सांडते तिथले पाणी नासते, माती निकामी होते. ठिणगी पडली तर माणूसही जळतो. म्हणून सरकारने तेलावर पहारेकरी नेमले आहेत. ते एक नाहीत, पुष्कळ आहेत. कोणाचे काम कोणते हे ज्याला ठाऊक, तो नेमक्या दारी जातो. ज्याला ठाऊक नाही, तो नुसत्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवतो.

तेलाची वाट

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्राच्या तळाखाली तेल आहे. १९७४ साली 'सागर सम्राट' या जहाजाने तिथे भोक पाडले आणि तेल लागले. १९७६ पासून ते काढले जाऊ लागले. या जागेला 'बॉम्बे हाय' म्हणत. आता 'मुंबई हाय' म्हणतात. समुद्रातल्या या कामाची सुरक्षितता तेल उद्योग सुरक्षा संचालनालय पाहते. हे संचालनालय १९८६ साली निघाले.

समुद्रात तेल सांडले तर धावून जाते तटरक्षक दल. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर झाली. 'एमएससी चित्रा' या जहाजातून शेकडो टन तेल समुद्रात गेले. किनाऱ्यावरची खारफुटी काळी पडली. कोळ्यांची मासळी कोणी घेईना. चूक दर्यावर झाली. पोट मारले गेले कोळ्याचे. हे लक्षात असू द्या.

पुढे कारखान्यात तेल शुद्ध होते. असा मोठा कारखाना नव्याने काढायचा तर पर्यावरण खात्याची मंजुरी लागते. त्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. म्हणजे त्या भागातल्या लोकांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकून लिहून घ्यावे लागते. कारखाना चालू झाला की त्याच्या धुरावर आणि सांडपाण्यावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नजर ठेवते. हे मंडळ १९७० साली स्थापन झाले. पाण्याचा केंद्रीय कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. १९८४ साली भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मेली. त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला.

आपल्या गावाजवळ

कुणी म्हणेल, "गुरुजी, समुद्र कुठे आणि आपली कयाधू नदी कुठे! आमचा काय संबंध?" संबंध आहे. टँकरमधून तेच तेल हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पंपावर येते. पंपाच्या पोटात, जमिनीखाली, मोठ्या टाक्या असतात.

पंप काढायला जिल्हाधिकाऱ्यांचा ना-हरकत दाखला लागतो. परवाना देते पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. तिची मुख्य कचेरी आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नवीन पंपासाठी नियम घातले. शाळा, दवाखाना आणि वस्तीपासून पंप ५० मीटर दूर हवा. जागेची अडचणच असेल तर जादा सुरक्षा करून अंतर कमी करता येते, पण ३० मीटरच्या आत कधीच नाही.

नियम कागदावर असतो. तो चालवायला माणूस लागतो. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेलाची भेसळ रंगेहाथ पकडली. त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आले. खरा पहारा करणे किती कठीण आहे ते यावरून कळते. अशा माणसाच्या पाठीशी गाव उभे असले पाहिजे.

विहिरीला वास आला तर?

समजा, जमिनीखालची टाकी गंजली आणि पेट्रोल झिरपू लागले. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. खडकाला भेगा असतात. भेगांतून तेल हळूहळू विहिरीपर्यंत येते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते वर तरंगते. पाण्यावर रंगीत तवंग दिसतो, रॉकेलसारखा वास येतो. अशा वेळी पुढीलप्रमाणे वागावे.

१. ते पाणी पिऊ नये, गुरांना पाजू नये. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचे द्रव्य असते. त्याने रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो.

२. पाणी उकळून पिऊ असे म्हणू नये. त्याची वाफ चुलीवर पेट घेईल. तुरटीनेही हे पाणी शुद्ध होत नाही.

३. विहिरीजवळ बिडी, काडी, कंदील नेऊ नये. कोणी आत उतरू नये.

४. त्याच दिवशी तहसीलदार आणि ग्रामपंचायतीला कळवावे. पिण्याच्या पाण्याची दुसरी सोय मागावी.

५. लेखी अर्ज द्यावा. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते.

पाण्याची नेहमीची तपासणी क्षार आणि जंतू पाहते. तेल त्यात दिसेलच असे नाही. म्हणून 'पेट्रोलियम तेलाची तपासणी करावी' असे अर्जात साफ लिहावे. नमुना अधिकाऱ्याने रीतसर घ्यावा, असाही आग्रह धरावा. पुढे कायद्याच्या कामी तोच नमुना उपयोगी पडतो.

अर्जाचा नमुना

मा. जिल्हाधिकारी साहेब, हिंगोली, यांस,

विनंती अर्ज की, आमच्या गावातील विहिरीच्या पाण्याला तारीख ........ पासून पेट्रोलचा वास येतो व पाण्यावर तवंग दिसतो. विहिरीपासून पंप ........ पावलांवर आहे. तरी पाण्याची पेट्रोलियम तेलासाठी तपासणी व्हावी, पंपाच्या टाक्या तपासाव्या, आणि तोपर्यंत पिण्याच्या पाण्याची सोय करावी.

प्रत : १. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. २. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. ३. ग्रामपंचायत.

तिन्ही ठिकाणी प्रत का? पाणी पाहणे मंडळाचे काम, टाकीचा परवाना संघटनेचा. एकीकडेच अर्ज दिला तर "हे आमच्याकडे येत नाही" असे उत्तर मिळते. आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घ्यावी. ती प्रत सातबाऱ्यासारखी जपावी.

उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने विचारावे, "माझ्या अर्जाचे काय झाले?" तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. तरीही काम झाले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. ते २०१० साली स्थापन झाले. आपल्या भागासाठी त्याचे पीठ पुण्याला आहे. तिथे वकिलाशिवायही दाद मागता येते. नुकसानभरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. ज्याने बिघाड केला त्यानेच भरून द्यावे, हे तिथले तत्त्व आहे.

हळद पाण्यावर पिकते. गुरे पाण्यावर जगतात. सरकारचे पहारेकरी दूर शहरात बसतात, त्यांना आपल्या विहिरीचा वास येत नाही. तो आपल्याला येतो. म्हणून पहिला पहारेकरी आपण. आता तुम्हाला लिहिता येते. त्या अक्षराचा हा एक उपयोग आहे.

प्रश्न

१. समुद्रात तेल सांडले तर कोण धावून जाते?
२. नवीन पंप शाळेपासून किती दूर असावा?
३. तेल मिसळलेले पाणी उकळून का पिऊ नये?
४. अर्जाच्या प्रती कोणाकोणाला पाठवाव्या?
५. आपल्या गावाचे नाव आणि आजची तारीख घालून वरील अर्ज वहीत लिहून काढा.