दुसऱ्यासाठी मोकळी केलेली जागा

शास्त्रभाग : प्रे. कृत्ये ११:२२-२६, फिलिप्पै. २:३-८

ख्रिस्ती बंधूंनो, पुढाऱ्याची नम्रता त्याच्या प्रार्थनेतील शब्दांवरून कळत नाही. जी जागा आपल्याला मिळू शकते, ती अधिक योग्य माणसाला देण्याची वेळ येते, तेव्हा ती कळते.

१. बर्णबाचा कित्ता
अंत्युखियातील मंडळी वाढू लागली, तेव्हा यरुशलेमेहून बर्णबाला तेथे पाठविण्यात आले. सर्व मान त्याला एकट्याला मिळाला असता. तरी तो तार्सास गेला, शौलाला शोधून घेऊन आला, आणि दोघांनी वर्षभर शिक्षण दिले. प्रारंभी ‘बर्णबा व शौल’ असा उल्लेख येतो. तेराव्या अध्यायात तोच ‘पौल व बर्णबा’ असा होतो. नावांचा क्रम बदलला, तरी बर्णबाने सेवा सोडली नाही.

२. दिल्लीतील उदाहरण
चार्ल्स फ्रीअर अँड्रूज १९०४ साली केंब्रिज मिशनचे मिशनरी म्हणून दिल्लीस आले व सेंट स्टीफन्स कॉलेजात शिकवू लागले. १९०६ साली प्राचार्यपद रिकामे झाले. तत्कालीन रिवाजानुसार ते इंग्रजाकडे जावयाचे, आणि अँड्रूज यांना ते मिळू शकले असते. परंतु १८८६ पासून तेथे शिकविणारे बंगाली ख्रिस्ती अध्यापक सुशीलकुमार रुद्र हेच प्राचार्य व्हावेत, असा आग्रह त्यांनी धरला. रुद्र त्या कॉलेजाचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. राज्य इंग्रजांचे असताना अँड्रूज यांनी १९१४ पर्यंत त्यांच्या हाताखाली आनंदाने काम केले.

३. सचोटीची कसोटी
नम्रतेला सचोटीची जोड हवी. रुद्र यांनी कश्मीरी गेटजवळील आपल्या घरी गांधीजींना वेळोवेळी आसरा दिला. असहकाराच्या दिवसांत आपल्यामुळे त्यांच्या पदाला धोका पोहोचेल, अशी काळजी गांधीजींना वाटली. परंतु रुद्र यांनी घराचे दार बंद केले नाही. पद राखण्यासाठी त्यांनी विवेक गहाण टाकला नाही. पदाची हाव नसणाऱ्यालाच हे साधते. जो खुर्चीला चिकटतो, त्याला तिची किंमत कोठे ना कोठे सत्यातून चुकवावी लागते.

४. आपल्यासाठी
आपल्या मंडळ्यांत पंचांची निवडणूक येते, हिशेबाच्या वह्या उघडतात, संस्थेचे चिटणीसपद रिकामे होते. तेव्हा ‘मी सेवक आहे’ म्हणणारे आपण काय करतो? ज्याला आपण शिकविले, तो आपल्यापुढे गेला, तर त्याच्यासाठी प्रार्थना करतो, की त्याच्या चुका मोजतो? ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले. शिष्यांचे पाय धुताना त्याने यहूदालाही वगळले नाही.

मनन करा :
(अ) माझ्याहून योग्य असा कोणता बंधू माझ्यामुळे मागे राहिला आहे?
(आ) मी सांभाळतो त्या पैशाचा हिशेब मंडळीने न मागता मी देतो काय?
(इ) घरात पत्नी व मुले मला जसा ओळखतात, तसाच मी व्यासपीठावर असतो काय?

प्रभू आपणांस जागा मोकळी करण्याचे सामर्थ्य देवो, आणि मोकळी केल्यावर तेथेच आनंदाने राबण्याची कृपाही देवो.