घोरपडीचे तेल, गुडघेदुखी आणि कायदा

गुडघे दुखू लागले की घोरपडीचे तेल चोळा, अशक्तपणा असेल तर तिचे रक्त प्या, असे सल्ले आजही आपल्या गावांत आणि वस्त्यांत दिले जातात. त्यांचा विचार आपण आरोग्य, कायदा आणि धम्म अशा तीन बाजूंनी करू.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी घोरपड, ससा मारून खाल्ला तो पोटासाठी. त्यात लाज कसली? बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळलेल्या मनुस्मृतीतही घोरपड आणि ससा खाण्यास योग्य प्राण्यांत आहेत. तेव्हा या खाण्यावरून कोणी आपल्याला हिणवू नये.

आरोग्य : तेल चोळल्यावर आराम वाटतो तो चोळण्याने आणि उबेने. तीळ किंवा मोहरीच्या तेलानेही तेवढाच वाटतो. गुडघेदुखीची कारणे मात्र वेगवेगळी असतात : सांध्यांची झीज, संधिवात, जुनी दुखापत. ती तपासणीतूनच कळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर आणि आतड्यांत साल्मोनेला जंतू असू शकतात. कच्चे रक्त किंवा अर्धवट शिजलेले मांस पोटात गेल्यास जुलाब, ताप येतो, परजीवीही शिरू शकतात. ताकद हवी असेल तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम हरभऱ्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने मिळतात.

कायदा : वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच यादीत आहे. तिला मारणे, पकडणे, सापळा लावणे, सारे शिकारीतच मोडते. शिक्षा किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. ‘आमची परंपरा आहे’ हा बचाव चालत नाही. आदिवासींना जंगलावर हक्क देणाऱ्या २००६ च्या वनहक्क कायद्यानेही शिकारीचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला आहे. ‘हत्ताजोडी’ नावाची मुळी म्हणून विकली जाणारी वस्तूही अनेकदा नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. ती घरात ठेवणे अंधश्रद्धा तर आहेच, गुन्हाही आहे.

या कायद्यात सापडतो तो बहुधा गरीब, वकील न परवडणारा माणूस. कोणावर असा गुन्हा दाखल झालाच, तर अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, महिलांना आणि कोठडीतल्या कोणालाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो हक्काने मागावा.

धम्म : ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि मारण्याच्या इच्छेने मारणे यांत फरक केला आहे. पूर्वजांची शिकार भुकेच्या गरजेपोटी होती. आज तेलाच्या बाटलीसाठी मारण्यात तशी गरज उरलेली नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : गुडघा दुखतो आहे ना? मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तो दाखवा. घोरपडीला तिच्या वाटेने जाऊ द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!