बिनतारी जाळ्यास लॅपटॉप जोडणे व जोडणीतील दोष शोधणे

(कृषि अधिकारी यांजकडून)

सातबाऱ्याचा उतारा, पिकाची नोंद, अनुदानाचा अर्ज, पीक विम्याचा प्रस्ताव आणि बाजारभाव ही शेतीशी निगडित कामे आता बहुतांशी इंटरनेटद्वारे होतात. राष्ट्रीय कृषि बाजार, म्हणजेच ‘ई-नाम’, १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. राज्यात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वत्र लागू झाली. अशा कामांना ठराविक मुदत असते. मुदतीच्या अखेरच्या दिवशी लॅपटॉप जाळ्यास जोडला गेला नाही, तर शेतकऱ्याचा हक्क केवळ तेवढ्या कारणाने बुडू शकतो. यास्तव बिनतारी जोडणीची रीत व त्यातील दोष शोधण्याचा क्रम ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास अवगत असणे अगत्याचे आहे.

उदाहरणादाखल कासारवाडीचा विचार करू. पुणे-लोणावळा लोहमार्गावरील हे गाव सन १९८२ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. येथील नाशिक फाट्यावरून भोसरी व मोशीमार्गे चाकणकडे रस्ता जातो. नोकरीनिमित्त या पट्ट्यात राहून खेड, मावळ अथवा जुन्नर तालुक्यातील घरची शेती पाहणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलगा कासारवाडीत बसून वडिलांच्या नावाचा अर्ज भरतो आणि सुट्टीच्या दिवशी तोच लॅपटॉप गावी नेतो. येथे नीट चालणारा लॅपटॉप तेथे अडतो, किंवा याच्या उलट घडते. अशा वेळी लॅपटॉप बिघडला असे समजून तो दुरुस्तीस टाकण्याची घाई होते. वास्तविक दोष बहुधा अन्यत्र असतो.

जोडणीचे स्वरूप

धरणाचे पाणी कालव्यातून येते, कालव्याच्या दारातून चारीत उतरते आणि चारीतून वाफ्यात जाते. इंटरनेटचेही तसेच आहे. संकेतस्थळ हे धरण, सेवा देणाऱ्या कंपनीची तार हा कालवा, राऊटर हे कालव्याचे दार, राऊटरपासून निघणाऱ्या बिनतारी लहरी ही चारी आणि लॅपटॉप हा वाफा होय. वाफ्यात पाणी आले नाही म्हणजे धरण आटले असे कोणी म्हणत नाही. शेतकरी वाफ्यापासून मागे चालत जातो आणि पाणी कोठे अडले ते पाहतो. जोडणीतील दोषही याच रीतीने शोधावा.

एक गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवावी. पडद्यावरील वाय-फायच्या चिन्हात सर्व कमानी भरलेल्या दिसल्या, तर त्याचा अर्थ लॅपटॉप व राऊटर यांमधील दुवा चांगला आहे एवढाच होतो. त्यावरून इंटरनेट येत आहे असे सिद्ध होत नाही. चारी मोकळी असली तरी कालव्यास पाणी सुटले नसेल, तर वाफा कोरडाच राहतो.

या लहरी मुख्यत्वे दोन पट्ट्यांतील असतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असून ती अधिक दूर जाते व भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. ५ गिगाहर्ट्झची लहर सुमारे ६ सेंटिमीटर लांबीची असते. ती अधिक वेगाने माहिती देते. तथापि भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. पूर्वी घरात रेडिओ ठेवण्यासही परवाना लागत असे. वाय-फायसाठी मात्र घरगुती वापरकर्त्यास परवान्याची आवश्यकता नाही. मर्यादित शक्तीच्या उपकरणांसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सन २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा सन २०१८ मध्ये भारत सरकारने परवानामुक्त केला.

जोडणीची कृती

येथे विंडोज प्रणालीचा लॅपटॉप गृहीत धरला आहे.

१. राऊटरला वीजपुरवठा आहे याची खात्री करावी. वीज नुकतीच आली असल्यास दोन-तीन मिनिटे थांबावे.

२. लॅपटॉपवरील तारीख व वेळ बरोबर आहे काय ते पाहावे.

३. पडद्याच्या उजव्या बाजूस खालच्या कोपऱ्यातील जाळ्याच्या चिन्हावर टिचकी द्यावी. ‘वाय-फाय’ चालू व ‘एअरप्लेन मोड’ बंद असावा. काही लॅपटॉपवर वाय-फाय चालू-बंद करण्याची स्वतंत्र कळ असते, तीही तपासावी.

४. दिसणाऱ्या नावांतून आपल्या जाळ्याचे नाव निवडून ‘कनेक्ट’ म्हणावे.

५. पासवर्ड जसाच्या तसा लिहावा. इंग्रजी मोठी व लहान अक्षरे भिन्न मानली जातात. शून्य व ‘ओ’, तसेच एक व लहान ‘एल’ यांत गफलत होते. नवा राऊटर असल्यास त्याच्या तळाशी चिकटविलेल्या कागदावर बहुधा मूळ पासवर्ड असतो.

६. आपोआप जोडले जाण्याची खूण केवळ घरच्या व कार्यालयाच्या जाळ्यास करावी.

७. जोडणी झाल्यावर दोन वेगवेगळी संकेतस्थळे उघडून पाहावीत. एकाच स्थळावरून निष्कर्ष काढू नये.

दोष कोठे आहे ते ठरविणे

एकाच वेळी अनेक गोष्टी बदलू नयेत. एक बदल करावा, परिणाम पाहावा आणि मग पुढे जावे. प्रथम मोबाइलची कसोटी घ्यावी. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडावा. डेटा चालू राहिल्यास ही कसोटी फसवी ठरते. मोबाइलवर संकेतस्थळ उघडले तर राऊटर व कंपनीची तार ठीक असून दोष लॅपटॉपकडे आहे. मोबाइलवरही उघडले नाही तर राऊटर अथवा त्यामागील तार पाहावी. त्यानंतर लक्षणाप्रमाणे पुढील उपाय योजावेत.

वाय-फायची सोयच पडद्यावर दिसत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. तरीही न दिसल्यास वाय-फाय चालविणाऱ्या प्रणालीत, म्हणजे ‘ड्रायव्हर’मध्ये, दोष असण्याचा संभव आहे. तात्पुरते काम मोबाइल यूएसबी वायरने जोडून व ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करून भागविता येते. त्याच जोडणीवरून ड्रायव्हर अद्ययावत करावा.

इतर नावे दिसतात, आपले नाव दिसत नाही. राऊटर बंद आहे, फार दूर आहे, किंवा केवळ ५ गिगाहर्ट्झवर चालू आहे. जुन्या लॅपटॉपांपैकी काहींना हा पट्टा ओळखता येत नाही. राऊटरवर २.४ गिगाहर्ट्झ चालू करावा.

नाव दिसते, परंतु जोडणी नाकारली जाते. पासवर्ड बदलला गेला असल्यास लॅपटॉप जुनाच पासवर्ड पाठवीत राहतो. त्या नावावर ‘फर्गेट’ करून नव्याने जोडावे.

जोडणी झाली, परंतु ‘नो इंटरनेट’ असे दिसते. राऊटरवरील दिवे पाहावेत. प्रकाशतंतूच्या जोडणीत ‘लॉस’ नावाचा तांबडा दिवा लागला असेल, तर तंतूतून प्रकाश येत नाही असे समजावे. रस्त्याच्या खोदकामात तार तुटल्यास असे होते. येथे लॅपटॉपवर कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. कंपनीकडे तक्रार नोंदवावी व तिचा क्रमांक लिहून ठेवावा. दिवे ठीक असतील तर जाळ्याच्या माहितीत लॅपटॉपचा ‘आयपी’ पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असल्यास राऊटरने लॅपटॉपला पत्ताच दिलेला नाही. राऊटर बंद करून अर्ध्या मिनिटाने सुरू करावा आणि जाळे ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडावे.

इतर स्थळे उघडतात, एकच उघडत नाही. ते संकेतस्थळच बंद असेल किंवा मुदतीच्या दिवशी त्यावर गर्दी असेल. मात्र सुरक्षिततेची सूचना येऊन अनेक सरकारी व बँकेची स्थळे अडत असतील, तर लॅपटॉपचे घड्याळ तपासावे. जुन्या लॅपटॉपमधील लहान बॅटरी संपल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग स्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र वैध असूनही लॅपटॉपला ते अवैध वाटते. तारीख सुधारताच काम सुरू होते.

‘नेटवर्क रीसेट’ हा शेवटचा उपाय समजावा, कारण त्याने साठविलेली सर्व जाळी व पासवर्ड पुसले जातात. राऊटरच्या मागील बारीक छिद्रातील कळ तर कंपनीच्या माणसाच्या सल्ल्यावाचून दाबूच नये. तिने कंपनीने भरलेली माहितीही नाहीशी होते.

शहरातील दाटी व गावातील अंतर

कासारवाडीसारख्या दाट वस्तीत लॅपटॉपवर एकाच वेळी शेजाऱ्यापाजाऱ्यांची अनेक जाळी दिसतात. येथे रेंज भरपूर असूनही वेग मंद राहतो. याचे कारण दाट पेरणीसारखे आहे. रोपे एकमेकांस खेटून उगवली म्हणजे जमीन कसदार असूनही ती खुरटतात, आणि शेतकऱ्यास विरळणी करावी लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ मार्ग, म्हणजे ‘चॅनेल’, आहेत. परंतु ते एकमेकांवर चढतात. १, ६ व ११ हे तीनच चॅनेल परस्परांपासून अलग राहतात. ज्या चॅनेलवर शेजारचे राऊटर कमी आहेत, तो या तिहींतून निवडावा. लॅपटॉप नवा असल्यास आणि राऊटर त्याच खोलीत असल्यास ५ गिगाहर्ट्झ वापरणे अधिक चांगले. ब्लूटूथची उपकरणे व मायक्रोवेव्ह भट्टीही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतात. सबब राऊटर भट्टीजवळ ठेवू नये.

गावाकडे स्थिती उलट असते. तेथे जाळी थोडी, परंतु अंतर व अडथळे मोठे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले म्हणजे लहरीची शक्ती चौथाईवर येते. शिवाय लोखंडी पत्रा लहर परतवितो आणि पाणी ती शोषून घेते. त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये बसून शेडबाहेरील राऊटरची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. राऊटर पोलादी कपाटात, पाण्याच्या टाकीमागे किंवा जमिनीवर न ठेवता घराच्या मध्यावर उंच जागी ठेवावा. कार्यालयातील लॅपटॉप एकाच जागी राहत असेल तर तो तारेने राऊटरला जोडणे सर्वांत विश्वसनीय होय. अशी तार १०० मीटरपर्यंत चालते. तारेने चालते व बिनतारी चालत नाही असे आढळल्यास दोष लहरींच्या मार्गात आहे हेही आपोआप सिद्ध होते.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करावयाचे असल्यास मोबाइल खिडकीत ठेवावा व लॅपटॉप त्याच्याजवळ आणावा. त्या जाळ्यास ‘मीटर्ड कनेक्शन’ अशी खूण करावी. तसे न केल्यास लॅपटॉप स्वतःच्या सुधारणा उतरवून घेतो आणि दिवसाचा डेटा अर्ज भरण्यापूर्वीच संपतो.

सावधगिरी

सार्वजनिक जागी विनापासवर्ड जाळे दिसले तरी त्यावर आधार क्रमांक, बँकेचा तपशील अथवा ओटीपी देऊ नये. परिचित नावाचे खोटे जाळे कोणासही उभे करता येते. सार्वजनिक वाय-फायचा प्रसार व्हावा म्हणून केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ‘पीएम-वाणी’ योजनेस मंजुरी दिली. परंतु अशा जाळ्यावरही ही दक्षता पाळावी. घरच्या राऊटरवर ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ पद्धतीचे संरक्षण ठेवावे. शेतकऱ्याचा अर्ज भरून झाल्यावर त्याच्या खात्यातून बाहेर पडावे आणि त्याची कागदपत्रे आपल्या लॅपटॉपवर पडू देऊ नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणा सहकारी समूहाच्या परिसरात सन १९९८ मध्ये सुमारे ७० गावांसाठी संगणकजाळ्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला होता. गावात बसून ऊस उत्पादकास आपली माहिती मिळावी हा त्याचा हेतू. पुढे सन २००७ च्या सुमारास त्यांपैकी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशाने तीच माहिती देण्याचा प्रयोग झाला, कारण संगणक चालू ठेवण्याचा खर्च व खटाटोप मोठा होता. यापासून घ्यावयाचा बोध असा की, गावात यंत्र येणे ही निम्मी गोष्ट आहे. ते कामाच्या दिवशी चालू असणे ही उरलेली निम्मी होय, आणि ती तेथील माणसांवर अवलंबून आहे.

यास्तव प्रत्येक कार्यालयात एक लहान वही ठेवावी. दिनांक, वेळ, दिसलेले लक्षण, केलेला उपाय व तक्रार क्रमांक एवढ्या नोंदी पुरेत. सायंकाळीच वेग मंदावतो, की वीज गेल्यानंतरच जोडणी तुटते, हे अशा वहीतून महिन्याभरात उघड होते. वीज जाणाऱ्या गावी राऊटरपुरता लहान बॅटरी संच बसवावा. मुदतीच्या चार दिवस आधी जोडणी तपासावी आणि पर्याय म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट एकदा जोडून पाहिलेला असावा.

सारांश

१. दोष लॅपटॉपपासून मागे क्रमाने शोधावा: लॅपटॉप, लहर, राऊटर, तार, संकेतस्थळ.

२. भरलेल्या कमानी म्हणजे इंटरनेट नव्हे.

३. मोबाइलचा डेटा बंद करून त्याच वाय-फायवर कसोटी घ्यावी.

४. दाट वस्तीत चॅनेल बदलावा. विरळ वस्तीत जागा बदलावी.

५. घड्याळ बरोबर ठेवावे व रीसेटची घाई करू नये.

६. मुदतीच्या दिवसाची वाट पाहू नये.

शेतकरी बंधूंनी या सूचना घरातील शिकत्या मुलामुलींकडून एकवार करवून घ्याव्यात. जोडणी एकदा स्वतःच्या हाताने केली म्हणजे पुढे अर्जासाठी दुसऱ्याच्या दारी खेपा घालण्याचे कारण उरणार नाही.