संगणकातील अनोळखी फाइली : पुसण्यापूर्वी खातरजमा करा

दुकानाची बिले, यंत्रमागाचा हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे ही कामे आज अनेक व्यापारी व कारागीर बांधव घरच्याच संगणकावर करतात. काही काळाने संगणक मंद चालतो, 'सी' ड्राइव्ह भरल्याची सूचना येते. आत पाहावे तर आपण कधीही न बनवलेल्या फाइलींचा ढीग. अशा वेळी सर्व काही पुसून टाकण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

गोदामात चिठ्ठी नसलेला गठ्ठा सापडला तर आपण तो रस्त्यावर फेकत नाही. माल कोणाचा, कधी आला, याची आधी चौकशी करतो. फाइलीलाही हाच नियम लावावा.

2002 साली एक ई-मेल जगभर फिरला. अस्वलाचे चित्र असलेली अमुक फाइल व्हायरस आहे, ती ताबडतोब पुसा आणि ओळखीच्या सर्वांना कळवा, असे त्यात लिहिले होते. प्रत्यक्षात ती फाइल विंडोजचीच होती. लोकांनी अफवेवर विश्वास ठेवून आपल्याच हाताने ती काढून टाकली. आज अशा अफवा मोबाइलवरून येतात, एवढाच फरक.

नेहमी दिसणाऱ्या काही फाइलींची ओळख करून घेऊ.

1) पेजफाइल : संगणकाची मेमरी अपुरी पडली की विंडोज डिस्कवरील ही जागा वापरते. हिला हात लावू नये.

2) हायबरफिल : संगणक 'हायबरनेट' करताना मेमरीतील मजकूर इथे साठवला जातो. आकार काही जीबी असतो, पण तो बिघाड नव्हे.

3) विंडोज ओल्ड : विंडोजची नवी आवृत्ती घातल्यावर जुनी या फोल्डरमध्ये राहते. साधारण 10 दिवसांनी ती आपोआप जाते. आधीच काढली तर जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही.

4) टेम्पररी फाइली : कामापुरत्या बनलेल्या व मागे राहिलेल्या. खरी सफाई यांचीच करायची.

सफाईसाठी सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या क्रमाने 'टेम्पररी फाइल्स' येथे जावे आणि तेथूनच काढावे. मात्र त्या यादीत 'डाउनलोड्स' असेल तर त्यावर खूण करू नये. बँकेची स्टेटमेंटे व पार्ट्यांनी पाठवलेली बिले बहुधा तिथेच पडलेली असतात. फुकटात संगणक वेगवान करून देतो म्हणणारी परकी सॉफ्टवेअरे टाळलेली बरी.

सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. टॅलीमध्ये प्रत्येक कंपनीचा हिशेब नुसत्या आकड्यांचे नाव असलेल्या फोल्डरमध्ये साठतो. अजाण माणसाला तो कचराच वाटेल. घरातील मुलाने उत्साहाने तो पुसला तर वर्षाची उधारी-वसुली एका क्षणात गेली. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात. 'संगणकातून पुसले गेले' हे उत्तर तिथे चालत नाही.

फाइलीचा खरोखरच संशय आला तर ती उघडू नये. तिच्यावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज'मध्ये तारीख व जागा पाहावी, मग विंडोज सिक्युरिटीने तपासणी करावी. मात्र आपल्या स्वतःच्या फाइली अचानक उघडेनाशा झाल्या, नावांपुढे विचित्र अक्षरे लागली आणि पैशांची मागणी आली, तर तो हल्ला समजावा. लगेच इंटरनेट तोडून जाणकाराला बोलवावे.

दर आठवड्याला हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो पेनड्राइव्ह संगणकातून काढून कपाटात ठेवावा. ही सवय असेल तर चुकून एखादी फाइल पुसली गेली तरी व्यापार बुडत नाही.